गणिताच्या पेपरला तू कुठे होतीस?

प्रिय कुंदा,

सोमवारी चौकशी आहे. बोर्डाचे लोक येणार आहेत आणि मला एकच गोष्ट विचारणार आहेत. गणिताच्या पेपरच्या दिवशी रामटेके मॅडम कुठे होत्या? तू एप्रिलात निघून गेलीस, उत्तर द्यायला मी उरले. म्हणून हे पत्र. काल दुपारपर्यंत तर तुला चार ओळी लिहायचीही माझी इच्छा नव्हती, इतकी मी तुझ्यावर चिडले होते.

आपल्या नोकरीतला हा प्रकार बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दहावीचं केंद्र आपल्या शाळेत असलं की ज्याच्या विषयाचा पेपर, त्यानं त्या दिवशी शाळेकडे फिरकायचं नाही. इंग्रजीच्या दिवशी इंग्रजीचे सर चोर, विज्ञानाच्या दिवशी मी, गणिताला तू. वर्षभर ज्या पोरांसाठी घसा कोरडा करायचा, त्यांच्यापासून नेमकं त्याच दिवशी सुतकातल्यासारखं लांब राहायचं. आणि घरी बसलं तरी सुटका कुठे? घरी बसून फोन कोणाला लावत होत्या, असं विचारणारे तयारच असतात.

यावर तोड तूच काढलीस. आपल्या पेपरच्या दिवशी चारचौघांत बसायचं. स्टॉपवर रंजनाचं शिलाईचं दुकान, त्याच्या दारात लाल प्लास्टिकची खुर्ची. कारध्याहून नेहमीच्या बसनं उतरायचीस आणि पेपर सुटेपर्यंत तिथे बसून ब्लाउजांना हुक लावायचीस. "सारं गाव पाह्यते मले इथं. आता कोणी बोट दाखवून दाखवावं," म्हणायचीस. विज्ञानाच्या दिवशी मीही तीच खुर्ची धरायला लागले. हुक मात्र मला कधी नीट लावता आले नाहीत.

मी मुळातच संशयी, हे तुला माहीत आहे. दूधवाल्याच्या मापाकडेसुद्धा मी दोनदा बघते. पण आपल्या शाळेनं मला त्यात पार तयार केलं. निकाल शंभर टक्के हवा, असं हेडसर जूनमध्येच सांगून टाकतात. चार पोरं इंग्रजीत गेली तर इंग्रजीच्या सरांनी लेखी खुलासा द्यायचा. मराठीच्या बाई दिवसभर मोबाइलवर कसली कसली माहिती भरत बसतात, म्हणून त्यांचे तास मी घ्यायचे. चित्रकलेचे सर वर्षभर भिंतींवर घोषवाक्यं रंगवतात आणि पद कमी होणार म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच निघतं. कोण अतिरिक्त ठरेल, कोणाचं समायोजन कुठे होईल, याशिवाय स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. जिल्हा वाटला गेला, गोंदिया तिकडे गेला, तरी लांब टाकायला खाणीकडचं चिखला गाव आहेच. म्हणून हेडसरांच्या केबिनमध्ये कोण किती वेळ बसलं, यावर प्रत्येकाचं लक्ष. तू गेलीस की माझं असायचं, मी गेले की तुझंही असणार.

आणि यंदा गणिताच्या दिवशी ती खुर्ची रिकामी होती. सकाळी पर्यवेक्षणाला जाताना रिकामी, पेपर संपवून परत येतानाही रिकामी. संध्याकाळी फोन केला तर तू म्हणालीस, "होती ना वो मी, बसली होती." एवढंच बोललीस आणि लेकीच्या, पल्लवीच्या लग्नाचं काढलंस. काहीतरी लपवते आहेस, हे मला कळलं. भेटल्यावर विचारू, असं म्हणून मी सोडून दिलं. मग परीक्षा संपल्या, पेपर तपासणी आली, आणि एका सकाळी चहा गाळता गाळता तू गेलीस. असं कोणी जातं का, कुंदा? निदान विचारू तरी द्यायचं होतंस.

मे महिन्यात बोर्डाचं पत्र आलं. एका खोलीतल्या सगळ्या पोरांची उत्तरं सारखी. चूकही सारखी, एकाच जागी वजाचं अधिक झालेलं. आणि एकाही उदाहरणाखाली ताळा नाही. हे ऐकून मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला. ताळ्याशिवाय तू भाजीवालीचा हिशेबही मान्य करत नव्हतीस. पोरं तुला मागून ताळाबाई म्हणायची आणि तुला ते माहीत होतं. पण घरी येईपर्यंत मन फिरलं. घाईघाईत फोनवर उत्तरं सांगणारं माणूस ताळा कशाला सांगेल? आणि भ्यालेल्या माणसाच्या हातून वजाचं अधिक होणारच.

हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मी सावध झाले. ते म्हणाले, "मॅडम, खोटं बोला असं मी म्हणून नाही राहिलो. जे पाहिलं तेवढंच सांगा. त्या नेहमीच्या जागी दिसल्या नाहीत, बस. केंद्र गेलं तर पट जाईल, पट गेला तर पदं जातील. गेलेल्या माणसाचं आता काय बिघडते?"

बघ ना, किती सोपं केलं त्यांनी. माझ्याकडून खरंच बोलवून घ्यायचं आणि सगळं तुझ्या माथी मारायचं. पद कोणाचं जाईल हे त्यांनी सांगितलं नाही, पण विज्ञानाच्या दोघींत मीच धाकटी. आणि गेलेल्या माणसाचं बिघडत नसेल, पण तुझी पल्लवी इथेच आहे. तिच्या शिकवणीला येणाऱ्या पोरींच्या आया आताच तिरकं बोलायला लागल्यात.

मी रंजनाकडे गेले. तिनं मान खाली घालून सांगितलं, "नाही आल्या मॅडम त्या दिवशी." चौकशीच्या आधी माहिती घ्यायला आलेल्या माणसालाही तिनं हेच सांगितलं होतं. मला वाटलं, हेडसर इथवर पोचले. ही विकली गेली. मग दुसरा विचार आला, की ही खरं बोलते आहे आणि विकली गेलीस ती तू. तुला खोटं कशाला सांगू, पुष्कळ दिवस मी हाच दुसरा विचार धरून बसले होते.

काल ब्लाउज आणायला गेले आणि रागाच्या भरात तिला म्हणाले, सोमवारी मीही तेच सांगणार, आल्या नव्हत्या. पल्लवीनं आता तोंड लपवून फिरावं. रंजनानं मशीन थांबवली.

"आल्या होत्या, मॅडम."

"मग खोटं काहून बोललीस?"

"त्यायनंच सांगतलं होतं. आतमंदी बसल्या होत्या, पडद्यामागं, मी मापं घेतो तिथं. शाळेतला शिपाई देवाभाऊ दोनदा आला. हातात घडी केलेला कागद होता त्याच्या. म्हणे, मॅडम कुठी हायेत, हेडसरनं तातडीनं बलावलं. मी म्हटलं, आल्याच नाही. मॅडम म्हणल्या होत्या, कोणी बी विचारलं, कधी बी विचारलं, तरी आल्या नाही म्हणजो. मी त्यायच्या हातावर हात ठेवला होता. आता त्या राहिल्या नाही, तं मी वचन तोडू का?"

दारातली खुर्ची मला समोर दिसत होती. ज्या दिवशी तुला सगळ्यांनी पाहायला हवं होतं, त्याच दिवशी तू लपलीस. पेपर सोडवून घ्यायला कागद घेऊन शोधत येतील, हे तुला आधीच कळलं होतं. तोंडावर नाही म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून सापडायचंच नाही असं ठरवलंस. आणि या बाईनं तुझं वचन इतकं पाळलं, की तुला पुरतं बुडवलं.

मी रंजनाला विचारलं, "मलाही सांगू नको म्हणाली?"

ती म्हणाली, "मी विचारलं होतं, सेलोकर मॅडमले सांगू का म्हणून. त्या म्हणल्या, शाळेतल्या कोणालेच नाही. कोणालेच म्हणजे कोणालेच."

हे मला लागलं, कुंदा. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आणि तू मला त्या 'कोणालेच'मध्ये टाकलंस? मग आठवलं, मी तुला त्याहून वाईट जागी टाकलं होतं. तू निदान जिवंत माणसावर संशय घेतलास. आपल्या दोघींनाही असं संशयी ज्यानं केलं, ते माणूस सोमवारी तिथे समोरच बसलेलं असेल.

रंजना चौकशीला येते म्हणाली नाही. "मॅडमनं मना केलं, त्यायनंच सोडवावं मले," एवढंच म्हणाली. म्हणून हे पत्र मी उद्या तिच्या दुकानात तिला वाचून दाखवणार आहे.

तुला शब्द देते. सोमवारी मी सांगेन की खुर्ची रिकामी होती, आणि ती का रिकामी होती तेही सांगेन. कोणी मला चहा पाजून काय म्हणायला सांगितलं, तेही. मग चिखल्याला पाठवायचं तर पाठवोत, तिथेही पोरांना विज्ञान लागतंच. माझ्यावर तुझा विश्वास नव्हता, तरी आता रंजनाशी तुझ्या वतीनं मीच बोलते. रागव हवं तर.

रंजना, हात सोडला तुझा. आता सांग सगळ्यायले.

तुझी,
वीणा