डॅशबोर्डातली मंगलाष्टकं

५ जानेवारी
स्टीरिओ घेतला. इन-डॅश, सीडीवाला. सोमाटणे फाट्यावर सत्यमच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात माळ्यावर शेवटचा पीस पडून होता. सत्यम म्हणाला, काका, हा आता कोणी विचारत पण नाही, मोठा टचस्क्रीन बसवा. मी हसलो. कोणी विचारत नाही म्हणजेच एक्स्क्लुझिव्ह.

तीस वर्षं कारखान्यात येणाऱ्या मालाची तपासणी केली आहे. मला फसवणं अवघड.

संकल्प: रिटायरमेंटनंतर वेळ आहे, तर स्टीरिओबद्दल नियमित अभिप्राय लिहायचा. तटस्थपणे. आजचा अभिप्राय: अप्रतिम.

६ जानेवारी
यथासांग पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, स्टीरिओला हळदकुंकू. अक्षता वाहायच्या कुठे, हा प्रश्न होता, कारण डिस्प्लेवरून त्या घरंगळत होत्या. मी विचार केला, सीडीचा स्लॉट हे यंत्राचं मुख. मग मुखीच वाहिल्या. चांगल्या चिमूटभर, कुंकवात ओलवलेल्या. वडिवळ्याहून मेहुण्याने, गोरखने, पाठवलेला घरचा इंद्रायणी तांदूळ. छान आत गेल्या.

प्रमोदिनी म्हणाली, अहो, आत कशाला? बायकोला यंत्रातलं आणि धर्मातलं एकदम कळावं ही अपेक्षा नाही.

९ जानेवारी
अभिप्राय: बास दमदार. काच खाली घेतली तर बासमुळे आपोआप आणखी खाली जाते. स्पीडब्रेकरवर सीडी उडी मारते आणि पुढच्या गाण्यावर जाते. हा दोष स्पीडब्रेकरचा. ग्रामपंचायतीला पत्र लिहायचं.

रिमोट मिळाला आहे! स्टीरिओ माझ्या सीटपासून हातभर अंतरावर, पण सोय ती सोय.

१२ जानेवारी
रिमोट सापडत नाही.

प्रमोदिनीला घेऊन वराळ्याला आत्यांकडे गेलो. ती हल्ली मागच्या सीटवर बसते, म्हणते पुढे ऊन लागतं. एक गोष्ट लक्षात आली. मी आवाज वाढवला की थोड्या वेळाने तो आपोआप कमी होतो. पुन्हा वाढवला, पुन्हा कमी. ऑटोमॅटिक व्हॉल्युम कंट्रोल असणार. बॉक्सवर याचा उल्लेखही नाही. कंपनीचा नम्रपणा.

१३ जानेवारी
आज एकटाच गेलो होतो. व्हॉल्युम कंट्रोल चालला नाही. बहुधा गाडीत वजन जास्त असेल तरच चालतो.

१९ जानेवारी
आमची आसावरी आणि तिचा शौनक लोणावळ्याच्या कार्यालयात हॉल बघायला निघाले होते. लग्न २१ फेब्रुवारीला. म्हटलं, मी सोडतो. शौनक मुलगा गुणी आहे, पण गाणी फोनवर ऐकतो. त्याची दया येऊन त्याला सीडी आणि फोन यांतला फरक ऐकवला. आधी तोंडी, मग स्टीरिओवर, मग पुन्हा तोंडी. कामशेत आलं तेव्हा तो म्हणाला, बाबा, मी इथून लोकलने येतो, इथे एक काम आठवलं. भारावून गेला होता. आसावरीलाही त्याच कामाला जायचं होतं.

हॉल मी एकट्याने बघितला. चांगला आहे.

२० जानेवारी
निर्णय झाला. आसावरीच्या लग्नात मी रचलेली मंगलाष्टकं होणार. पाच कडवी. लेकीच्या जन्मापासून सासरच्या उंबऱ्यापर्यंत सगळं त्यात घेतलं आहे. तिसऱ्या कडव्यात मामाचं नाव 'गोरख' वृत्तात बसेना, म्हणून त्याला 'गोरक्षनाथप्रभू' केलं. पाचव्या कडव्यात मी स्वतः आलो आहे, पण थोडासाच. दोन ओळी.

आसावरीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही काही म्हणू नका, अंतरपाट धरला की फक्त माझ्या शेजारी उभे राहा, मला तेवढंच हवंय. लाजली.

पण मुद्दा बरोबर आहे. मी माइकपाशी गेलो तर शेजारी कोण? दोन्ही कसं साधायचं?

२१ जानेवारी
साधलं! रेकॉर्ड करायचं. सीडीवर. आवाज माइकवर, मी लेकीशेजारी. एवढी साधी गोष्ट कोणाला सुचली नव्हती.

२६ जानेवारी
स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं. बाहेर ध्वजवंदनाची गाणी चालू होती, ती दुसऱ्या कडव्यात आली आहेत. ठीक. देशभक्तीपर वळण.

सीडी तयार झाल्यावर कॉम्प्युटरमधली फाइल मी समोर उभं राहून डिलीट करायला लावली. पेनड्राइव्ह देतो म्हणत होते. नको. हल्ली चोऱ्या फार होतात. उद्या माझी मंगलाष्टकं भलत्याच्याच लग्नात वाजायची.

२७ जानेवारी
गाडीत सीडी लावून ऐकली. स्वतःचा आवाज ऐकून स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमोदिनी मागे होती. व्हॉल्युम कंट्रोल पहिल्याच ओळीला चालला.

२ फेब्रुवारी
सीडी बाहेर येत नाही.

काळजीचं कारण नाही. इजेक्टचं बटण दाबलं की आतून घास चावल्यासारखा आवाज येतो. सीडी तसूभर पुढे येते आणि परत आत जाते. स्टीरिओला आवडलेली दिसते.

३ फेब्रुवारी
भुवया कोरायच्या चिमट्याने ओढली. चिमटा आत गेला, मग बाहेर आला. सोबत एक लालसर दाणा आला. तपासणीचा तीस वर्षांचा अनुभव कामी आला. बारकाईने पाहिलं: तांदूळ. निष्कर्ष: डॅशबोर्डात उंदीर आहे आणि तो साठा करतो आहे.

प्रमोदिनी म्हणाली, अहो, तुमच्याच अक्षता त्या. मी म्हटलं, पूजेला महिना होत आला. अक्षता इतके दिवस राहतात का कुठे?

४ फेब्रुवारी
क्लचशेजारी पिंजरा लावला. आत कांदाभजी.

५ फेब्रुवारी
उंदीर सापडला नाही. माझा डाव्या पायाचा अंगठा सापडला. लेकीच्या लग्नात सँडल घालावे लागणार.

९ फेब्रुवारी
सत्यमकडे गेलो. तो म्हणाला, काका, डॅश खोलावा लागेल, सीडीवर ओरखडे आले तर मी जबाबदार नाही. मी म्हटलं, राहू दे. एकच प्रत आहे.

शिवाय नवा शोध लागला आहे. सीडी आतल्या आतच वाजते! डिस्प्लेवर READING येतं, बराच वेळ येतं. मग डॅशच्या खालून तळहाताने एक थाप मारायची. की सुरू. दहापैकी सात वेळा तरी. यंत्रालाही मायेचा हात लागतो.

१४ फेब्रुवारी
कार्यालयात साउंडवाल्या हृतिकला भेटलो. त्याच्याकडे सीडी प्लेअरच नाही. म्हणाला, पेनड्राइव्ह द्या, नाहीतर व्हॉट्सॲप करा. लग्नासारखी जबाबदारीची कामं हल्ली कोणाच्या हातात आहेत बघा.

परत येताना कार्ल्यापाशीच प्लॅन सुचला. गाडी हॉलच्या बाजूच्या दाराशी लावायची. हृतिककडचा एक बिनवायरचा माइक डॅशबोर्डवर ठेवायचा. अंतरपाट धरला की मी प्लेचं बटण दाबणार आणि आत जाऊन लेकीशेजारी उभा राहणार. दारापासून स्टेज चार पावलांवर. पहिली ओळ संपायच्या आत मी पोचलेला असेन.

१६ फेब्रुवारी
आसावरी आज माझ्याजवळ येऊन बसली. पुन्हा तेच म्हणाली: बाबा, नक्की शेजारी असाल ना? म्हटलं, असणार म्हणजे काय, असणारच. आणखीही काहीतरी बोलायचं मनात होतं. लहानपणी ती गाडीत माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची, ते. पण मी म्हटलं, लोणावळ्याला धुकं असतं, लवकर निघायला हवं. ती हो म्हणाली आणि उठून गेली.

हरकत नाही. मांडीचं आणि हॉर्नचं पहिल्या कडव्यात आहे.

२० फेब्रुवारी
रंगीत तालीम केली. पाचपैकी दोनदा वाजली. वाजायची ती राखून ठेवली आहे असं समजू. उद्या फक्त एकदाच लागणार आहे.

गोरख आला. त्याला गोरक्षनाथप्रभूचं सांगितलं नाही. सरप्राइज.

२१ फेब्रुवारी, सकाळ
लोणावळा. हवा स्वच्छ. गाडी जागेवर लावली. चारही दारं उघडी. हृतिककडून माइक घेतला, त्याला बजावलं की काही झालं तरी याचा आवाज बंद करायचा नाही. ऐनवेळी गडबड नको म्हणून माइकचं बटण आत्ताच चालू करून ठेवलं आहे. याला म्हणतात दूरदृष्टी.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
कार्य उत्तम पार पडलं. क्रमाने लिहितो.

अंतरपाट धरला. मी बाजूच्या दाराने निघालो. आसावरीने माझ्याकडे पाहिलं, मी खूण केली, आलोच. प्ले दाबलं. READING. थाप मारली. READING. पुन्हा मारली. आत गुरुजींनी सुरू केलं होतं. मी स्टीरिओची थोडी समजूत काढली. थोडं रागावलो. मग पुन्हा समजूत काढली. नक्की काय बोललो ते आठवत नाही, माणूस अशा वेळी काहीही बोलतो. गाडीत आपलं आपण असतो.

तेवढ्यात कार्यालयाचा वॉचमन शिदू आला. म्हणाला, आबा, लगीन लागलं की वो आत. तुमी हितं कुनासंगं भांडताय? चला, पोरगी वाट बगतीया.

वाजंत्री सुरू झाली होती.

मी धावत आत गेलो. आणि बघतो तर काय! सगळा हॉल डोळे पुसतोय. काही जण तोंडाला रुमाल लावून हलत होते, त्यांना भावना फारच अनावर झालेल्या. गोरखमामा, ज्याच्या डोळ्यांत मी आजवर पाणी पाहिलं नाही, तो नाक ओढत म्हणाला, दाजी, लय बोललात, काळजाला लागलं. आसावरीने मला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. पुढे कन्यादान झालं.

तात्पर्य उघड आहे. सीडी वाजली होती! डिस्प्ले नुसताच READING दाखवत होता, आवाज माइकमधून आत पोचला. गाडीत मला ऐकू आला नाही, कारण मी स्वतः बोलत होतो.

शेजारी उभं राहायचं तेवढं राहिलं. पण आवाज होता ना. आवाज म्हणजे मीच.

अंतिम अभिप्राय: पाचपैकी पाच तारे.

२३ फेब्रुवारी
कारखान्यातले जुने सहकारी भेटले. मंगलाष्टकं कशी वाटली, विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, थापा खास होत्या. तबल्याला तो थापा म्हणत असावा. तबला मी घेतला नव्हता, पण दुसऱ्या कडव्यात मागे ध्वजवंदनाचा बँड आहे, तो असेल.

प्रमोदिनीला विचारलं, कुठलं कडवं आवडलं? ती म्हणाली, व्हिडिओ येईल तेव्हा बघा. आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी घासायला बाई येते.

८ मार्च
लग्नाचा व्हिडिओ आला. पाहिला.

अंतरपाट धरलेला आहे. आसावरीच्या एका बाजूला मामा. दुसऱ्या बाजूला कोणी नाही. ती दाराकडे बघते आहे. गुरुजी सुरू करतात. पहिल्या ओळीतच स्पीकरमधून आवाज येतो: फाट्. मग पुन्हा फाट्. मग माझा आवाज, अख्ख्या हॉलमध्ये: "गिळलीस ना? आता ओक! ओक म्हणतो ना!" पाहुणे अक्षता हातात धरून छताकडे बघतात. हृतिक बटणाकडे हात नेतो आणि मागे घेतो. बंद करायचं नाही असं मीच बजावलं होतं.

गुरुजी आवाज चढवतात. मीही चढवतो. "सोन्या, राजा, एकदाच वाज, मग आयुष्यभर गप्प बस." लोक हसू दाबतायत. शौनकचे खांदे अंतरपाटावरून हलताना दिसतात.

मग गुरुजींचं एक कडवं नीट होतं. आणि मग मी हळू आवाजात. मला वाटलं होतं मी मनात बोललो. "अरे, बोल ना रे. पोरगी चाललीय माझी. मला तिच्या तोंडावर बोलता येत नाही, रडू फुटतं, म्हणून तुझ्यात भरून ठेवलं सगळं. मांडीवर बसून हॉर्न वाजवायची रे ती. आता घरात आवाज कुणाचा?"

हसणारे थांबतात. आसावरी मान खाली घालते. गुरुजी शेवटचं कडवं म्हणून थांबतात. ती काहीतरी म्हणते, व्हिडिओत ऐकू येत नाही. ती काय म्हणाली ते प्रमोदिनीने सांगितलं: बाबा येऊ देत. गुरुजींनी तेच कडवं पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा. मग मुहूर्त टळेल म्हणाले आणि अक्षता पडल्या.

माझ्या मंगलाष्टकांची एकही ओळ कुठेही नाही.

स्टीरिओबद्दल आज काही लिहायचं नाही.

९ मार्च
आसावरीला फोन केला. म्हटलं, चुकलं माझं, शेजारी उभं राहायला हवं होतं. एवढं बोलायला पाणी प्यावं लागलं. ती म्हणाली, असू दे हो बाबा. मग वाटलं, निदान आता तरी. म्हटलं, पाचही कडवी मला पाठ आहेत, ऐकतेस का? ती काही बोलली नाही. हा होकार समजून सुरू केलं. पूर्ण म्हटली. गोरक्षनाथप्रभूसकट. आवाज लागला होता. संपल्यावर विचारलं, कशी वाटली? फोन कधीच कट झालेला.

थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: 'रेंज गेली होती. बाबा, गाडीत बोललात तेवढं पुरे आहे.'

मी पुन्हा पुन्हा वाचला. मग प्रमोदिनीला दाखवला आणि विचारलं, म्हणजे तिला कडवी ऐकायची आहेत की नाहीत? प्रमोदिनी म्हणाली, नाहीत.

खरं म्हणजे मलाही कळलं होतं.