रिकाम्या चौकटीचं माप

४ मे
आल्मुट बहिणीकडे हुसुमला गेली. बायकोला हवापालट हवाच. निघताना म्हणाली, विनफ्रिड, मी परत यावं असं वाटत असेल तर रविवारी न्यायला ये. फोन नको, स्वतः ये. येईन म्हणालो, त्यात काय. हिवाळ्याचा कोटही घेऊन गेली. समुद्राकाठी मेमध्येही गारठा असतो.

५ मे
प्रयोगशाळेच्या यंत्रातला कार्बन-कणांचा झोत आजपासून रविवार दुपारपर्यंत आमचा. आकाशगंगेत भटकणारा कार्बन वाटेत हायड्रोजनवर आदळतो, फुटतो, त्याचा बोरॉन होतो. किती फुटतो हे नक्की कळलं की ते कण किती लाख वर्षं भटकले ते सांगता येतं. हा आकडा जगाला मी देणार. रविवारचं तिकीट उद्या काढायचं.

७ मे
झोत वळवणारा मॅग्नेट रुसलाय, झोत बंद. तिकीट राहिलं. वाढदिवस माझा, म्हणजे केकही मीच न्यायचा. सुपरमार्केटातला नेला. शिफ्टवर गेर्लिंड होती. एक घास खाऊन म्हणाली, हा काही आल्मुटचा नाही. ती बरी आहे ना? म्हटलं, मजेत आहे. मग म्हणाली, आणि तू? मी मॅग्नेटवाल्यांना फोन लावला. केक बराच उरला. लोक हल्ली गोड खात नाहीत.

९ मे, शनिवार
झोत आला. गेर्लिंड म्हणाली, आता रिकाम्या चौकटीचं माप उरकून घेऊ. म्हणजे ज्यातल्या हायड्रोजनवर कार्बन आदळतो ती प्लास्टिकची चकती चौकटीतून काढून नुसताच झोत सोडायचा. हवेत आणि यंत्रात जे फुटतं ते मोजायचं आणि वजा करायचं. मी म्हटलं, रिकाम्यात काय मोजायचंय? चकती राहू दे, रिकामं उद्या सकाळी बघू. ती म्हणाली, उद्या तू हुसुमला जाणार होतास ना? म्हटलं, आल्मुट समजून घेते, इतकी वर्षं घेतलंच आहे. गेर्लिंड म्हणाली, गाढवा, त्यालाच तर कंटाळली ती.
बायका एकमेकींची बाजू घेणारच.

१० मे, रविवार
सकाळी झोत आलाच नाही. दुपारी पुढची टीम आली, त्यांनी आमच्या तारा काढल्या. हुसुमची गाडी अजून मिळाली असती, पण डेटा कॉपी व्हायचा होता. पुढच्या रविवारी नक्की. रविवार काय, दर आठवड्याला येतो.

१७ मे
हुसुम. दार बहिणीने, फ्राउकेने उघडलं. आत ये म्हणाली नाही. म्हणाली, गेल्या रविवारी ती बॅग भरून, कोट घालून बसली होती. शेवटची गाडी येऊन गेली, मग कोट काढला. आता तिला भेटायचं नाही.
फुलं फ्राउकेकडे दिली. फुलं घेतली, म्हणजे आशा आहे.

२१ मे
बोरॉन ढीगभर. त्यातला चकतीतला किती आणि यंत्रातला किती, सांगता येत नाही. वजा करायला माप नाही, म्हणून आकडाही नाही. गेर्लिंड एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. त्याचंच जास्त लागलं.

२४ मे, रविवार
आल्मुटचं सामान फ्राउके येऊन घेऊन गेली. मी स्वयंपाकघरात बसून होतो. फ्रिजची घरघर. घड्याळ. नळाची टिपटिप. या घराचं स्वतःचं एवढंच होतं, बाकी सगळी आल्मुट होती. फार रडलो.
हे माप मात्र नीट आलं.