गाठीतला बदल, घराण्याचा बोभाटा

ती. श्रीनिवास भाऊजी,
नमस्कार, रीत म्हणून.

परवा आपण आमच्या धुतलेल्या पायपुसण्याच्या मधोमध चपला काढल्यात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असताना ते पुन्हा धुवावं लागलं, याचा मी तीव्र निषेध नोंदवते.

आता दुसरी, किरकोळ तक्रार. धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, मेंदूतल्या गाठीचा, लिम्फोमा नावाच्या कॅन्सरचा, रिपोर्ट आपण चष्मा लावून वाचलात. ‘अँटिबॉडीच्या जनुकांत बदल’ एवढं दिसलं आणि आमच्या मृण्मयीच्या होणाऱ्या सासरी फोन लावलात: “बघा बुवा, घराण्याच्या जीन्समध्येच आहे. नंतर म्हणाल, सांगितलं नाही.” त्यांनी साखरपुडा मोडला.

डॉक्टरांना विचारायला तुम्हाला कमीपणा वाटला, मी विचारलं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी शत्रू नीट ओळखता यावा म्हणून स्वतःचं जनुक बदलत असतात. ह्यांच्या गाठीतल्या पेशींनीही तेच केलं. “हे बदल त्या गाठीपुरते,” डॉक्टर म्हणाले, “मुलीकडं जात नाहीत.”

मी मुलाच्या आईला हे सांगितलं. “असेल हो,” त्या म्हणाल्या, “पण सख्खा काका खोटं कशाला बोलेल?”

ह्यांना आता माझंही नाव आठवत नाही. तरी रोज विचारतात, “दादा आला का?” मी “येतील” म्हणते. हे तुम्हाला कळू द्यायची इच्छा नाही, म्हणून हे पत्र घरातच राहील.

बायोप्सीच्या दिवशी आमच्याकडं थेंब नव्हता, तेव्हा बायपास रस्त्यावरच्या तुमच्या नव्या टॉवरमधून तुम्ही पाण्याचे दोन कॅन आणून दिले होते. आज नळ आला. दोन्ही भरून तुमच्या दाराशी ठेवून आले. बेल वाजवली नाही.

आता भांडायला मोकळी,
मीनाक्षी