मावशीचं ऐकत नाही

७ जुलै, सोमवार

पुन्हा तेच! कावेरीला सांगितलं — चप्पल घाल, मागच्या दारानं जा, सारजाबाईकडून विरजण आण, येताना दोरीवरचे कपडे काढून आण. गेली. येईचना! जाऊन बघते तर मागच्या दारात उभी. पायात चप्पल. बस्स, तेवढंच.

"काय सांगितलं होतं मी?" आवाज चढलाच माझा. ती नुसती तोंडाकडं बघत राहिली.

सासूबाई आतून — "सावत्र आईचं ऐकतंय व्हय कुटं लेकरू!" हळूच म्हणाल्या. पण मला ऐकू जाईल इतपत हळू.

आठ वर्षांची पोर. आई गेली तेव्हा पहिलीत होती. मी दिवाळीनंतर लग्न होऊन या घरात आले. मला मावशी म्हणते. आई म्हण, असा हट्ट मी कधी केला नाही. मग राग कशाचा धरलाय हिनं?

९ जुलै, बुधवार

आज ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारपर्यंत टिकलं.

१२ जुलै, शनिवार

मारलं मी तिला.

न्हाणीत होते. दूध उतू जायचा वास आला. तिथूनच ओरडले — कावेरी, गॅस बंद कर, झाकण काढू नको, फडकं घे आधी! बाहेर आमची पिठाची गिरणी चालू, शनिवारची गर्दी, पट्ट्याचा खडखडाट. धावत आले तर गॅस चालूच, दूध ओट्यावरून खाली, आणि झाकण हिच्या पायाशी. 'काढू नको' म्हटलं ते नेमकं काढलेलं!

आधी चापट मारली. पोळलेली बोटं नंतर दिसली.

हे गिरणीतून आले तसेच, पिठानं पांढरे. तिचा हात बघितला. गालही बघितला. म्हणाले, "भीती वाटती तिला तुझी. पंचमीला केदारनाथ येतोय, त्याच्यासंगं धाडतो वडवणीला. तिकडंच शाळेत घालू." केदारनाथ म्हणजे तिचा सख्खा मामा.

मी तिची बोटं गार पाण्यात धरली.

१४ जुलै, सोमवार

शाळेत गेलते. बाई म्हणाल्या, "लक्षच नसतं हो तिचं. पुस्तक काढा, कविता उघडा, तिसरा प्रश्न लिहा म्हटलं की ही शेजारणीचं बघणार, मग काढणार."

परत येताना अर्ध्या रस्त्यात थांबले. शेजारणीचं बघून का होईना, काढते ना! जिला ऐकायचंच नाही ती कशाला बघेल?

१६ जुलै, बुधवार

लाइट गेली. गिरणी बंद. घरात कसं शांत वाटलं!

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "कावेरी, ती परात दे." दिली. थोड्या वेळानं — "विळी आण." आणली! मग मुद्दाम म्हटलं, "मीठ आण, आणि आजीला विचार चहा घेणार का, आणि दार लोटून घे." उठली. दोन पावलं गेली. थांबली.

आज पहिल्यांदा मी ओरडले नाही, नुसतं बघितलं. तिचे ओठ हलत होते! मीठ... मीठ... आजी... शब्द धरून ठेवायला बघत होती. निसटले तसा चेहरा पडला.

ऐकू कमी येतं का हिला? आणि मी मारलं? जिवाला चैन नाही.

१८ जुलै, शुक्रवार

अंबाजोगाईला नेलं दवाखान्यात. एकटीनंच. ह्यांना सांगून बघितलं, "कान चांगले हायेत तिचे" म्हणाले.

कान खरंच चांगले आहेत! डॉक्टर मॅडमनी हेडफोन लावून तपासले. मग तिला खेळ दिला — लाल ठोकळा उचल, निळ्यावर ठेव, मग टाळी वाजव. लाल उचलला आणि अडली. तेच करून दाखवलं तर सगळं बरोबर केलं.

मॅडम म्हणाल्या, "आवाज कानात जातो. पण ऐकलेलं आत लावायला तिला वेळ लागतो. ती पहिल्या गोष्टीवर असते तोवर तुम्ही तिसरी सांगता. मधलं सांडून जातं. गोंगाटात तर जास्तच. सगळ्या तपासण्या होईपर्यंत मी याला नाव देणार नाही. पण हा आळस नाही, आणि उद्धटपणा तर नाहीच."

'झाकण काढू नको.' तिच्या हाती तेवढं 'झाकण काढ' लागलं असेल!

मॅडमना विचारलं, काय करू? "समोर जाऊन सांगा. एका वेळी एक. आणि मग गप्प राहा."

एसटीत म्हटलं, "भूक लागली का?" आणि गप्प राहिले. किती जड जातं! मधे एक थांबा गेला. मग म्हणाली, "लागली. पण केळ नको."

एवढं मोठं वाक्य ती माझ्याशी आजवर बोलली नव्हती.

२१ जुलै, सोमवार

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पण पटलं नाही. "मी हाक मारली तरी येत न्हाई ती. माझ्यावर कशाचा राग हाय?" — मी म्हटलं, तेच तर सांगतेय, राग नाहीच! "मामाला शब्द दिलाय," म्हणाले आणि गिरणीत गेले.

२४ जुलै, गुरुवार

एकेक सांगते. जमतंय तिला. गप्प राहणं मलाच जमत नाही, जीभ वळवळते.

२७ जुलै, रविवार

नेलं तिला.

पंचमी अजून दोन दिवसांवर, तरी केदारनाथमामा जीप घेऊनच आले. ओसरीत सगळे बसलेले. मामा म्हणाले, "काय कावेरी, येतीस ना? झोका बांधलाय. का हितंच राहायचंय? मावशी मारती का गं?" हे म्हणाले, "बोल की! कुटं राहायचं सांग." सासूबाई — "लेकराला काय विचारता, तिला काय कळतंय!" मी म्हणत होते, थांबा हो, एकेक विचारा... कोण ऐकतंय! ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची, तोवर दुसरा बोलायचा. ओठ हलत होते तिचे. मला दिसत होते. आणि मीसुद्धा काय केलं? "सांग ना गं कावेरी, सांग ना!"

मामा म्हणाले, "बगा, न्हाई म्हणली न्हाई. लाजती पोरगी." पिशवी उचलली. जीप गेली.

भांडी घासून ठेवलेली पुन्हा घासली.

२८ जुलै, सोमवार

घाईत. अंबाजोगाईची गाडी धरायची, तिथून पुढं वडवणी. हे बाहेरून हाका मारतायत, आम्ही दोघंही जातोय.

सकाळी मामांचा ह्यांना फोन आला. काल घरी पोचल्यावर, सगळे निजायला लागले तेव्हा कावेरी बोलली — "मला मावशीपशी राहायचंय." मामा म्हणाले, अगं मग तवाच कावून न्हाई सांगितलंस?

तर म्हणाली, "तुमी थांबलाच न्हाईत."