गॅसवर ठेवलेली डागणी

तात्या,

काल तुमची डागणी माळ्यावरून खाली काढली. तुम्ही गेल्यावर शेतीची बाकीची अवजारं मोडीत दिली, हीच कशी राहिली कोण जाणे. पोत्यात गुंडाळलेली, मूठ तुमच्या हातानं गुळगुळीत झालेली. बैल लंगडला, खांदा सुजला की आसपासची माणसं जनावर घेऊन आपल्या दारात यायची आणि तुम्ही हिचं लोखंड विस्तवात लाल करून दुखऱ्या जागी डाग द्यायचात. जळलेल्या केसांचा तो वास मला अजून सहन होत नाही. तरी काल मी ती गॅसवर ठेवली.

माझ्याकडे कुत्रा आहे. तुम्ही हसाल. निवृत्त मास्तरणीनं सोनईजवळच्या वस्तीवर एकटीनं राहायचं आणि सकाळच्या पेपरवरून कुत्र्याशी वाद घालायचा. पण तुमचे जावई गेले, मुलगा पुण्याला राहिला, आणि आता दार उघडल्यावर धावत येणारं हे एवढंच कुणी उरलंय. उन्हाळ्यात एका सकाळी मी चहा पीत असताना तो आडवा पडला. पाय ताठ, तोंडाला फेस, डोकं फरशीवर आपटतंय. हातातली बशी तशीच धरून मी उभी राहिले. नगरचे डॉक्टर म्हणाले, फिट आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी, ठरल्या वेळी, जन्मभर. मनानं बंद करायची नाही.

मी मनानं बंद केली. दोन महिने फिट आली नव्हती, आणि गोळीनं तो नुसता पडून राहायचा, भुंकायचा नाही. मला त्याचं भुंकणं हवं होतं, दुसरं काही कारण नाही. बरं वाटलं की आपल्याकडे औषध कोनाड्यात जातं. याच गोष्टीवरून शाळेत मुलांच्या आयांना मी किती बोलले असेन. चार दिवस तो पोटभर भुंकला आणि मला घरात माणसं असल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्याला तीन फिट्स आल्या.

शेजारच्यांच्या टेम्पोतून त्याला नगरला नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "अचानक बंद केली की फिट उलटून येते, मॅडम. आता डोस वाढवतो. तो जास्त वेळ झोपूनच राहील, चालताना झोकांड्या खाईल. नाहीतर... त्याला शांतपणे जाऊ द्यायचं का, याचाही विचार करून ठेवा." मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." सगळे किती समजूतदार आहेत. ठरवायचं मात्र मी.

काल परत फिट आली. शेजारच्या मावशी कांदा फोडून धावत आल्या, त्याच्या नाकाला लावायला. कुत्र्याला कांदा चालत नाही म्हणून मी त्यांचा हात धरला. तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग तात्यांची डागणी हाय का न्हाई घरात? लई जनावरं उठवली त्यांनी. कपाळावर येक डाग द्या, बगा कसं थांबतंय." त्यांना घरी पाठवलं आणि माळ्याला शिडी लावली. शिकलेली बाई मी.

लोखंड तापत आलं होतं. फिट ओसरल्यावर काही वेळ त्याला नीट दिसत नाही, माणूस ओळखू येत नाही. भिंतींना धडकत तो स्वयंपाकघरात आला, माझी पावलं हुंगली आणि माझ्या पायावर हनुवटी टेकवून बसला. मी गॅस बंद केला. त्याला धक्का लागू नये म्हणून लोखंड गार होईपर्यंत तशीच उभी राहिले.

तेव्हा आपला कुत्रा आठवला. मी नऊ वर्षांची. त्यालाही असेच झटके यायचे. तुम्ही त्याच्या कपाळावर डाग दिलात, तो केकाटत पाटाच्या कडेनं पळाला आणि पुन्हा कधी तुमच्या जवळ आला नाही. तुम्ही रोज बांधावर भाकरी ठेवून मागे फिरायचात, मग तो येऊन खायचा. ही गोष्ट मी जन्मभर सांगत आले. मैत्रिणींना, वर्गात, सासरी. माझ्या बापानं कुत्र्याला डागलं. एकदा ओसरीवर तुमच्या जावयांना सांगत होते तेव्हा तुम्ही दारात होतात. तुम्ही ऐकलंत, चपला घातल्या आणि गोठ्याकडे गेलात.

आज सकाळी त्याला वाढवलेली गोळी भाकरीच्या घासातून दिली. आत्ता तो झोपलाय. त्याला जाऊ द्यायचं नाही, एवढं ठरवलंय. तो असाच झोपून राहील, घरात आवाज नसेल, तरी चालेल. हे त्याच्यासाठी ठरवलं की माझ्यासाठी, ते मला सांगता येत नाही. मला फार एकटं वाटतं तात्या, आणि विचारायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. हा कागद गोळ्यांच्या डब्यात ठेवीन.

एक राहिलं. ती गोष्ट सांगताना मी एक भाग नेहमी गाळला. तुम्ही नको म्हणाला होतात. "कुत्र्याचं कपाळ लई नाजूक असतं पोरी, म्या न्हाई देनार." मी दोन वेळा जेवले नाही, अंगणात लोळले, आपला कुत्रा बरा करा म्हणून. मग तुम्ही उठलात. गोवऱ्या मी रचल्या, आणि विस्तव लाल होईपर्यंत फुंकरही मीच घातली.