पाय धुण्याआधी

नंदनवन, नागपूर
११ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप आत्यास,

यमूचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझं दिवाळीचं कार्ड नेहमीसारखं शाळेच्या पत्त्यावर पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

बातमी अशी, की उद्या पहाटे आम्ही शाळेतले अकरा जण पायी निघतोय, थेट तुमच्या कुष्ठधामापर्यंत. तुमच्या दवाखान्यात पट्ट्यांना जुनं सुती कापड लागतं, म्हणून वाटेतल्या घराघरांतून लुगडी-धोतरं मागत यायचं. रविवारी सकाळी पोचू. मी तर बसस्टॉपच्या पलीकडे कधी चालत गेले नाही, तेव्हा घरात थट्टा चालली आहे. पुष्पलता म्हणते, "आई, तू तं पहिल्याच गावाले, खापरीलेच बसून जाशीन."

पुष्पीचं साक्षगंध झालं, तुला कळवायचं राहिलं. लग्न माघात आहे. मुलगा वीज मंडळात आहे. त्याचे वडील गोपाळराव आमच्याच शाळेत गणित शिकवतात, आणि ह्या पदयात्रेचे म्होरकेही तेच. माणूस चांगला आहे. फक्त चौकशी फार बारीक करतो.

तर तुला एक सांगायचं होतं. राहू दे, अजून सगळी बांधाबांध व्हायची आहे.

बुटीबोरी
१२ डिसेंबर

पत्र पिशवीतच राहिलं. आता इथल्या शाळेच्या ओसरीत बसून पुढे लिहिते. दोन्ही टाचांना फोड आलेत, पण खापरीला बसले नाही हं!

दुपारी जेवताना गोपाळरावांनी तुमच्याकडून आलेलं पत्र वाचून दाखवलं. फाटकाशी तुमची माणसं आमचे पाय धुणार आहेत. पुरुषांचे कोणी रुपराव, आणि बायांचे बायजाबाई. तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं आणि हातातला घास मी परत डब्यात ठेवला.

वर त्यांनी सगळ्यांना बजावलं, "कोनी पाय मांगं घ्याचे नाही. पाय वढला, तं त्यायले वाटन हे भेते. गाडीभर लुगडे देऊन बी मंग काही उपेग नाही."

आता मी काय करू, सांग. तू वाकून माझे पाय धुवायचे आणि मी ते धुवू द्यायचे? पाय मागे घेतला तर सगळे म्हणतील, ही भ्याली. का घेतला ते सांगितलं तर पुष्पीचं लग्न मोडेल. व्याही समोरच उभे असतील.

काल सांगायचं होतं ते लिहूनच टाकते. रविवारी तू तुमच्या तिथल्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नकोस, आणि आलीस तर मला ओळख देऊ नकोस. एवढ्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले होते, आत्या.

जेवणानंतर वाटेत गोपाळरावांनी सहज विचारलं, "यमुताई, लग्नाले तुमच्या माहेरचं कोनीच नाही काय?"

मी म्हटलं, "एक आत्या होती. काशीला गेली, तिकडेच वारली."

किती सफाईने म्हटलं! शब्दन् शब्द बाबांचा. त्यांनी तुला बैलांच्या रेंगीत बसवून कुष्ठधामात पोचवलं आणि गावात काशीचं सांगितलं. तू जिवंत आहेस हे घरात दोघांनाच ठाऊक होतं, बाबांना आणि मला. तरी तुझ्या तेराव्याला बुंदी मी वाढली. मग पंगतीत बसून खाल्लीही. पुढे तू बरी झालीस, डॉक्टरांचा दाखला मिळाला, न्यायला या म्हणून लिहिलंस. बाबा आले नाहीत. बाबा गेल्यावर मला कोण अडवत होतं? मीही आले नाही. दर दिवाळीला दोन ओळी धाडून मोकळी झाले.

ते वाक्य बोलल्यापासून मला तू दारात दिसते आहेस. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. शाळेतून आले की तांब्या घेऊन उभी असायचीस, पाय धुतल्याशिवाय घरात घेत नव्हतीस. मी पाय झटकायचे आणि तू ओरडायचीस.

गाडीवान धोंडबा उद्या कपडे घेऊन पुढे निघतो आहे. हे पत्र तो तुझ्या हाती देईल. वरच्या गठ्ठ्यात आईचं जांभळं लुगडं आहे. ते पट्ट्यांसाठी फाडू देऊ नकोस. रविवारी तेच नेसून फाटकाशी ये. वर लिहिलेलं ऐकू नकोस.

गोपाळरावांना आधी सांगायचं धाडस माझ्यात नाही. पुष्पीचं काय होईल, ठाऊक नाही. ती मला क्षमा करेल की नाही, तेही ठाऊक नाही. पण तू वाकू नकोस. तांब्या माझ्या हातात दे, पाय मी तुझे धुवीन. मग सगळ्यांसमोर तुला आत्या म्हणून हाक मारीन. माझा आवाज फुटला नाही, तर तू मला यमे म्हण, पूर्वीसारखं ओरडून.

तुझं तेरावं जेवलेली,
यमी