राज कुठला दाखवायचा

सोमवार, ३ नोव्हेंबर

सातवा भाग आला. सहा भागांचे मराठी संवाद मजेत लिहून झाले होते. हॉटेलवालं कोरियन कुटुंब, दोन भाऊ, एक मुलगी, भरपूर सूप. मुंबईचा स्टुडिओ डबिंग करतो, चित्रातल्या ओठांना बसतील असे शब्द शोधायचे, एवढंच माझं काम. आज त्यांच्या स्वयंपाकघरात नवा पोऱ्या आला. नाव राज, इंडियाचा. नट कोरियनच, तोंडाला तपकिरी रंग फासलेला. कानामागे फासायला विसरले, मान पांढरीफटक. फोन वाजला की नाचतो. भात दिसला की दोन्ही हात घालतो. मालकीण नाक दाबून त्याला बाहेर हाकलते.

शिसारी आली. लॅपटॉप मिटून भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली.

हेच लोक म्हातारीचा साधा प्रसंग असा लिहितात की मी इथे कतारात, फरीज बिन ओमरानमध्ये बसून डोळे पुसते. मग याच माणसाच्या वेळी अक्कल कुठे जाते?

मंगळवार, ४

इराने तो भाग कधीच पाहिलाय, शाळेतल्या नूरबरोबर. तेरा वर्षांची पोर, कोरियातल्या गल्ल्या तिला परभणीपेक्षा जास्त माहीत. म्हणाली, "सो क्रिंज, मम्मा. बट ही इज ओन्ली इन टू एपिसोड्स." दोनच भाग, म्हणून चालेल.

मंदार जेवताना म्हणाला, मालिकाच आहे, लिहिणाऱ्याला स्वातंत्र्य नको का? हाच माणूस, ऑफिसात कुणी "यू इंडियन्स" म्हणालं की आठवडाभर तेच उगाळतो. नवरा आहे, काय बोलणार.

के.ला मेल केली. स्टुडिओत माझं काम तोच बघतो, केदार. लिहिलं, हे पात्र अपमानकारक आहे, कापा, नाहीतर कोरियाला कळवा.

गुरुवार, ६

के.चा फोन. तुपात घोळून बोलतो. म्हणे, मॅडम, अगदी बरोबर पकडलंत, आपल्या प्रेक्षकाला लागेल. कापता येत नाही, करारात नाही. पण संवाद तर आपलेच. "इंडियन नको. अरब करून टाका. राजचा अब्दुल. रंग तोच चालेल."

रंग तोच चालेल. किती सहज म्हणाला.

मी म्हटलं, अहो, मी कतारमध्ये राहते. तर म्हणे, तेच तर, लोकल टच येईल, दोन-चार यल्ला, हबीबी टाका. यात तुम्हाला पूर्ण क्रिएटिव्ह फ्रीडम. फोन ठेवल्यावर अंगावरून पाणी घ्यावंसं वाटलं. घेतलंही.

शुक्रवार, ७

समैस्माच्या समुद्रकिनारी गेलो, नूरच्या घरच्यांबरोबर. मुली पाण्यात, नवरे दोघे कोळशाशी झटताहेत. नूरच्या आईने थर्मासमधून कराक चहा ओतला आणि विचारलं, हल्ली काय काम चाललंय? म्हटलं, कोरियन कॉमेडी. ती खूश. तीही बघते. मग म्हणाली, त्यांच्यात आमचा अरब माणूस आला की त्याच्या हातात सोन्याचा फोन आणि मागे चार बायका. घरात सगळे वैतागतो, पण हिरो देखणा असतो, म्हणून पुढचा भाग लावतोच. हसत सांगत होती. मीही हसले. अब्दुलचं सांगायला तोंड उघडलं आणि चहाच प्यायले.

येताना गाडीत इराला सांगितलं, के. काय म्हणतो ते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नूर विल नेव्हर टॉक टु मी."

रविवार, ९

के.ला ठणकावून लिहिलं. अरब करणार नाही. इंडियनच राहू दे, त्यांनी काय घाण केलीय ती दिसू दे. पाठवल्यावर बरं वाटलं. पोहे केले.

सोमवार, १०

बरं वाटणं एका दिवसात संपलं. के. म्हणतो, इंडियन ठेवला तर चॅनेल तो भाग दाखवणार नाही. के.चा मधला मार्ग : कुठल्या देशाचं नावच नको. खेड्यातून आलाय म्हणा, भाषा गावठी करा. "तुम्ही परभणीच्या ना? तुमच्याकडची टाका. मजा येईल. त्यावर कुणी तक्रार करत नाही."

खरंय की. कधी केली? आपल्याच मालिकांत मालकीण एक मराठी बोलते, मोलकरीण दुसरं. गडी, भुरटा चोर, खुळा चुलतभाऊ, सगळे आमच्याकडचे. आता कोरियात राहणारा माणूस परभणीचं बोलेल आणि कुणाला विचित्र वाटणार नाही, कारण तो भांडी घासतो. कोरियन लोकांवर एक आठवडा थुंकले. आता ती थुंकी कुठे टाकू?

नाही म्हटलं तर पुढची मालिका दुसऱ्या कुणाला. के. तसं म्हणाला नाही, पण "बघू मग" म्हणाला. चार वर्षं इथे आहे, दुसरं काम मिळालेलं नाही. हे आहे म्हणून सकाळी नीट साडी-ड्रेस काहीतरी घालून टेबलाशी बसते. नाहीतर दिवसभर गाऊन.

बुधवार, १२

लिहायला घेतलं. ठरवलं होतं, त्याला शहाण्यासारखं बोलायला लावीन. जमत नाही. पडद्यावर तो नाचतोय, तोंडात काहीही घाला, माकडच दिसतो. भाताच्या प्रसंगात ओठ चारदा मिटतात. कशालाच बसेना. मोठ्याने म्हणून बघत होते, आणि आपोआप आईचं वाक्य आलं, ती सगळ्यांना म्हणते ते. "मालकीणबाई, लई गरम हाय, जरा दम खा की वो." अस्सं चपखल बसलं. मला हसू फुटलं, एकटीच हसत बसले. मग ते बोलतंय कोण ते दिसलं.

तरी पुसलं नाही. इतकं छान बसलेलं पुसवेना. स्वतःची इतकी किळस बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

शुक्रवार, १४

आईचा व्हिडिओ कॉल. इरा दर शुक्रवारी "हाय आजी, आय्‌म गुड" म्हणून पळते. मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाही. त्यावरून आईने मला किती बोल लावले असतील. आज पोरगीच पुढे आली. दोन दिवस मी मोठ्याने म्हणत होते ते तिने ऐकलेलं. मान डोलावत, डोळे गरगर फिरवत, राजची हुबेहूब नक्कल. "मालकीणबाई, लई गरम हाय, जरा दम खा की वो."

आई तोंडभर हसली. "अगं माय, लेकरू बोलाय लागलं. आमच्यावानी बोलाय लागलं बघा." शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं, त्यांना पुढे बसवलं. "म्हण गं बाई, पुन्हा म्हण."

इराने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, ती थांबली असती. मी फोन धरून उभीच होते. आईचे डोळे भरले होते. इराने पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने, मान जास्त डोलावत. काकू टाळ्या वाजवायला लागल्या. मंदारही हसला.

मग आईने विचारलं, तुझी ती मालिका कधी लागणार, गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवते. म्हटलं, कळवते.

फाइल मागणारे के.चे दोन मेसेज येऊन पडलेत. फाइल तयार आहे. आई आता इराला अजून एखादं वाक्य शिकव म्हणतेय.